खाऊतला लपलेला गहू

चैत्र-वैशाखात सायंकाळी गावात व्याख्याने चालू असतात, आणि त्याच दिवसांत सकाळी घरोघरच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात. आज ज्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे, त्याचा उगम विद्वानांच्या ग्रंथांत शोधण्याआधी त्या कुरडयांच्या पातेल्यात शोधणे सोयीचे पडेल. विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. ज्या मुलाला गहू वर्ज्य आहे, त्याने चघळायला काय घ्यावे? प्रश्न लहान खरा. पण तो विचारणारेही लहानच असते, आणि त्याचे उत्तर चुकले तर होणारे दुखणे मात्र लहान नसते.

आमच्या घरातील एका नातीला वयाच्या पाचव्या वर्षी सीलिअ‍ॅक रोग असल्याचे निदान झाले. पोळी, पाव, बिस्किट, शेवया हे सारे बंद झाले. तिला भाकरी आवडू लागली, तांदळाच्या घावनांची सवय झाली, आणि आम्हांस वाटले की आता गहू घरातून गेला. पुढे एक आप्त युरोपातून आले. त्यांनी ज्येष्ठमधाच्या काळ्या, मऊ, बोटाएवढ्या कांड्या आणल्या. ज्येष्ठमध म्हणजे मुळी. तिच्यात गव्हाचा काय संबंध, अशा समजुतीने आम्ही त्या निःशंकपणे नातीच्या हाती दिल्या. तिने दोन खाल्ल्या. पुढचे चार दिवस पोटदुखी, जुलाब आणि चिडचिड यांत गेले. मग आम्ही वेष्टनाची मागची बाजू वाचली. घटकांच्या यादीत पहिल्या ओळीतच गव्हाचे पीठ होते. दोष आणणाराचा नव्हता, बनविणाराचाही नव्हता. त्याने स्पष्ट छापले होते. दोष न वाचणाऱ्या आमचा होता. या लेखाचे मूळ त्या कांड्यांत आहे.

प्रथम ग्लूटेन म्हणजे काय ते पाहू. कणकेचा एक घट्ट गोळा मळून अर्धा तास ठेवावा आणि मग पातेल्यातील पाण्यात हलक्या हाताने धूत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे होते. ते पांढरे म्हणजे पिष्ट, आपल्या बायकांच्या भाषेत चीक. हातात उरतो तो करडा, रबरासारखा ताणला जाणारा गोळा. तेच ग्लूटेन. इटलीतील बोलोन्याचे बेक्कारी यांनी हा प्रयोग १७२८ साली विद्वत्सभेपुढे मांडला आणि १७४५ साली तो छापून प्रसिद्ध झाला. आमच्या आज्या गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चोथा पिळून टाकीत आणि खाली बसलेला चीक शिजवीत, तेव्हा त्याही गव्हाचे हेच दोन भाग करीत होत्या. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. घरी काढलेला चीक ग्लूटेनपासून पूर्णपणे सुटलेला नसतो. डोळ्यांना शुभ्र दिसला तरी त्यात ग्लूटेनचा अंश उरतोच, आणि रोग्याला तो अंशही पुष्कळ होतो.

हे ग्लूटेन गव्हात असते. त्याचे भाऊबंद जवात आणि राय नावाच्या धान्यात असतात. बहुतेकांना ते निर्धोक आहे. परंतु ज्यांना हा रोग असतो त्यांच्या आतड्यात ग्लूटेनचे न पचलेले तुकडे पोहोचले की शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजते, आणि त्या झटापटीत स्वतःच्याच आतड्यावर घाव घालते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीच्या लवेप्रमाणे बारीक रसांकुर असतात. अन्नाचा रस तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग मूल कितीही जेवले तरी अंगी लागत नाही. पोट फुगते, रक्त कमी होते, वाढ खुंटते. जगात सरासरी शंभरांत एकाच्या आसपास माणसांना हा रोग असतो. आपल्या देशात गव्हावर पोसलेल्या उत्तरेत तो अधिक व भातावर पोसलेल्या दक्षिणेत पुष्कळ कमी आढळतो.

सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांनी १८८८ साली या रोगाचे स्पष्ट वर्णन केले आणि बरे होणे असेल तर ते आहारानेच, असेही सांगून ठेवले. पण कोणता आहार, हे कळायला आणखी साठ वर्षे जावी लागली. ते श्रेय हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचे. गव्हाविषयीची शंका त्यांच्या मनात महायुद्धाच्या आधीपासूनच होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली आणि ब्रेड मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असता त्यांचे हे रोगी मात्र सुधारले, आणि ब्रेड पुन्हा येताच पुन्हा आजारी पडले. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध युट्रेख्टच्या विद्यापीठात सादर केला. गंमत अशी की ज्या हॉलंडने गव्हाचा हा गुन्हा शोधून काढला, तोच देश ज्येष्ठमधाच्या गोळ्या चघळण्यात जगात आघाडीवर आहे.

आता खाऊकडे वळू. एखादा पदार्थ दाताखाली चिवट का लागतो? साखरेचा पाक कोणत्या तरी जाळ्यात अडकवून ठेवला की तो ना ओघळत ना कडकडीत होत. हे जाळे नाना वस्तूंनी विणता येते. प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन, फळांतील पेक्टिन, समुद्रशेवाळातील आगर, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक, मक्याचे किंवा बटाट्याचे पिष्ट, यांपैकी कोणतेही चालते. मऊ टॉफीत तर दूध, लोणी आणि साखर यांच्या आटण्यानेच ते काम भागते. यांपैकी एकातही ग्लूटेन नाही. म्हणजे चिवटपणासाठी गहू अपरिहार्य नाही. हीच आमच्या शोधातली आशेची जागा होय.

मग गहू येतो कोठून? पहिली वाट पिठाची. मऊ ज्येष्ठमधी कांड्यांत गव्हाचे पीठ, काकवी, साखर आणि मुळीचा अर्क एकत्र शिजवितात आणि आपण सोऱ्यातून शेव पाडावी तशा त्या साच्यातून दाबून काढतात. तेथे पीठ हाच पदार्थाचा सांगाडा असतो. त्याच चवीच्या, पण साच्यात ओतलेल्या पुष्कळ गोळ्या डिंकावर वा मक्याच्या पिष्टावर उभ्या असतात आणि त्यांत गहू नसतो. तेव्हा नाव एक, चव एक, रंग एक, पण एक वर्ज्य आणि एक ग्राह्य! लाल रंगाच्या, फळांच्या चवीच्या लांब कांड्यांतही पुष्कळदा हेच पीठ असते.

दुसरी वाट माल्टची. जवाला मोड आणून केलेला हा अर्क चवीसाठी घालतात. काही देशांच्या कायद्यात ठळकपणे सांगण्याच्या यादीत गहू आहे पण जव नाही. म्हणून तेथील वेष्टनावर गव्हाचा इशारा नाही एवढ्याने निश्चिंत होऊ नये. तिसरी वाट भुरकीची. गोळ्या एकमेकींस चिकटू नयेत म्हणून त्यांवर पीठ भुरभुरतात. ते कशाचे, हे पाहावे. चौथी वाट आपल्या घरचीच आहे. बाजारातला बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. जेवणानंतर चघळायच्या पाचक हिंगगोळ्या मुलांना फार आवडतात, आणि त्यांच्याविषयी कोणी संशयही घेत नाही.

उलट काही ठिकाणी नाहक भीती असते. युरोपात ग्लुकोजचा पाक गव्हापासूनही करतात. परंतु तो इतका शुद्ध होतो की २००७ साली तेथील कायद्याने त्याला इशाऱ्याच्या यादीतून वगळले. तसेच पूर्वेकडच्या चिकट तांदळाला इंग्रजीत ग्लूटिनस म्हणतात. तो शब्द चिकटपणाचा वाचक आहे, त्यात ग्लूटेन मुळीच नाही. जपानी मोची त्या तांदळाचीच असते. अर्थात तिच्या आतले सारण निराळे तपासावे.

आपल्या देशात आणि बहुतेक जगात ग्लूटेनमुक्त हा शब्द छापायचा तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. ही मर्यादा केवढी, ते हिशेबाने कळेल. पाच ग्रॅमच्या गोळीत या मर्यादेने फार तर ०.१ मिलिग्रॅम ग्लूटेन येईल. त्याच वजनाच्या कांडीत एक ग्रॅम जरी मैदा धरला, तरी ग्लूटेन सुमारे १०० मिलिग्रॅम होते, म्हणजे हजारपट. ‘एवढ्याशा गोळीने काय होते?’ असे म्हणणाऱ्या प्रेमळ आप्तांना आम्ही हाच हिशेब सांगतो. वेष्टनावर जागा थोडी आणि अक्षर बारीक असते, तरी घटकांची यादी आणि तिच्या शेवटचा इशारा ही दोन्ही वाचावीत. आणि ओळखीची वस्तू असली तरी दर खेपेस वाचावीत, कारण कारखानदार कृती बदलतात.

सुट्या मिठाईला मात्र वेष्टन नसते. तेथे विचारण्यावाचून गत्यंतर नाही. हलवा या एका शब्दाखाली किती प्रकार नांदतात पाहा. माहीमचा पातळ पापुद्र्यांचा हलवा गव्हाचा, तिरुनेलवेलीचा तुपाने निथळणारा हलवा गव्हाच्या दुधाचा, कोळिकोडचा बहुधा मैद्याचा. उलट कराची हलवा म्हणून जो रंगीत, पारदर्शक, दाताखाली ताणणारा चौकोन मिळतो, तो साधारणपणे मक्याच्या पिष्टाचा. तरीही हलवायाला दोन प्रश्न विचारावेत. यात कोणते पीठ घातले? आणि याच कढईत, याच झाऱ्याने गव्हाचे काही केले होते काय? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

यापेक्षा निर्वेध मार्ग आपल्या कोकणात आणि गोव्यात आधीच आहे. आंबापोळी, फणसपोळी, गोव्याची पेरूची पेराद यांचा चिवटपणा फळाच्या गरातला. गोव्यात नाताळाला होणारा दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ यांचा. तासन्तास घोटल्यावर तो असा जमतो की सुरीलाही क्षणभर धरून ठेवतो. येथे एकच धोका आहे, आणि तो गिरणीत. गव्हाच्या दळणामागून तांदूळ दळला तर जात्यात राहिलेला गहू त्यात उतरतो. आम्ही हे उशिरा शिकलो. आता घरी लहान यंत्रावर तांदूळ दळतो. त्या यंत्रात गहू कधी पडत नाही.

कराची हलवा घरीही होतो. एक वाटी कॉर्नफ्लोअर तीन वाट्या पाण्यात गुठळी न राहू देता कालवावे. दोन वाट्या साखरेचा एक वाटी पाण्यात पाक करून त्यात लिंबाचा रस पिळावा. आंबटाने साखरेचे खडे बनत नाहीत. दोन्ही एकत्र करून मंद आंचेवर घोटावे, मधूनमधून तूप सोडावे. मिश्रण दुधी रंगाचे असते ते पारदर्शक होऊ लागले म्हणजे पिष्ट फुलून पाकाला धरू लागले असे समजावे. कडा सुटून गोळा झाला, तूप बाहेर पडू लागले, की थापावे. ऑस्ट्रेलियात गव्हाचे पिष्टही कॉर्नफ्लोअर या नावाने विकतात. तेथील आप्तांनी पुडा वाचूनच घ्यावा.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. हा लेख वाचून कोणी घरातल्या अशक्त मुलाचा गहू उद्याच बंद करू नये. रक्ताची आणि आतड्याची तपासणी गहू खात असतानाच करावयाची असते. आधीच पथ्य धरले तर रोग असूनही तपासणीत सापडत नाही. आधी डॉक्टर, मग पथ्य. आणि एकदा निदान झाले की पथ्य जन्माचे, सणावाराचे आणि प्रसादाचेसुद्धा.

आमची नात आता आठ वर्षांची आहे. कोणी काही हातावर ठेवले की ती आधी पुडा उलटा करते आणि यादीवर बोट फिरवीत वाचते. समजत नाही तेथे थांबते आणि गोळी तशीच खिशात ठेवून घरी आणते. तिच्या वाढदिवसाला शाळेत वाटायला गेल्या वर्षी आम्ही आंबापोळीचे तुकडे दिले. वर्गातल्या चाळीसही मुलांनी एकच खाऊ खाल्ला, आणि त्या दिवशी तिला कोणाच्या डब्याकडे नुसते बघत बसावे लागले नाही. शहरातील गृहिणींनी, शिक्षकांनी आणि हलवायांनी इतके जरी मनावर घेतले, तरी अशा मुलांचे पुष्कळसे काम होईल.