कार्डावरचे दोन टक्के नेमके कोणाचे?

सुरतच्या लिंबायतमध्ये मोबाइल, फ्रिज किंवा लग्नाचं सोनं घ्यायला जा आणि कार्ड पुढे करा. उत्तर ठरलेलं: "कार्डावर दोन टक्के वरून लागतील, बँक कापते." जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन इथल्या लूमच्या खात्यांत राबणारी माणसं ते मुकाट देतात. वर "सरकारनेच लावलेत" असं शेजाऱ्याला सांगतातही.

सरकारने असा कोणताही कर लावलेला नाही. बँक कापते ते दुकानदाराच्या रकमेतून. त्याला एमडीआर म्हणतात. दुकानाचं भाडं किंवा लाइट बिल जसा धंद्याचा खर्च, तसाच हा.

शिवाय डेबिट कार्डावर तो दोन टक्के नसतोच. रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2018 पासून त्यावर मर्यादा घातली आहे. वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला मशीनवर 0.40 टक्के, तेही फार तर 200 रुपये. मोठ्या दुकानाला 0.90 टक्के, फार तर 1,000 रुपये. म्हणजे 50,000 च्या फ्रिजवर मोठ्या दुकानदाराचे जास्तीत जास्त 450 जातात, 18 टक्के जीएसटी धरून 531. तुमच्याकडून तो घेतो 1,000. आणि कार्ड रुपेचं असेल, जनधन खात्यावर मिळतं ते, तर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर शून्य आहे. मग ते हजार रुपये गेले कुठे? सगळेच्या सगळे दुकानदाराच्या गल्ल्यात. रोजावर राबणाऱ्याकडून बँकेचं नाव सांगून पैसे काढायचे, याचा संताप येतो.

"सगळेच घेतात, म्हणजे चालत असेल," हेही ऐकतो. चालत नाही. डेबिट कार्डावर ग्राहकाकडून असा आकार घेणं बँक आणि दुकानदार यांच्यातल्या करारात बसत नाही, अशा दुकानाशी बँकेने संबंध तोडावेत, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना कळवलं होतं.

क्रेडिट कार्डाला मात्र ही मर्यादा नाही. तिथे एमडीआर दोन टक्क्यांच्या आसपास जातो आणि थोड्या नफ्यावर मोबाइल विकणाऱ्याला तो जड होतो, हे मान्य. पण छापील एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही, पैसे कशानेही द्या.

जादा पैशांबद्दलच्या आणखी काही समजुती: यूपीआयने 2,000 च्या वर दिले की जीएसटी लागतो, ही अफवा; अर्थ मंत्रालयाने एप्रिल 2025 मध्ये ती खोडून काढली. भुसावळच्या ऑनलाइन रेल्वे तिकिटावर जादा पडतात ते आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क, यूपीआयने भरलं तर ते कमी लागतं. पेट्रोल पंपावर क्रेडिट कार्डाला अधिभार लागतो, एवढं खरं.

दुकानात कोणी दोन टक्के मागितले, तर ते बिलावर वेगळे लिहून मागा. बहुतेकदा मागणी तिथेच थंडावते. नाही थंडावली, तर मशीनमधून निघालेल्या स्लिपवर मशीन देणाऱ्या बँकेचं नाव असतं. बिल आणि स्लिप जोडून तिच्याकडे लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.