चौकट : फुटबॉलपटू ज्यूड बेलिंगहॅम – पहिली पावलं

- जन्म : 29 जून 2003, स्टौरब्रिज, इंग्लंड.
- पदार्पण : 6 ऑगस्ट 2019, पोर्ट्समथविरुद्ध, लीग कप. वय 16 वर्षे 38 दिवस. बर्मिंगहॅम सिटीचा सर्वांत तरुण खेळाडू. आधीचा विक्रम ट्रेव्हर फ्रान्सिसचा, 1970मधला.
- पहिला गोल : 31 ऑगस्ट 2019, स्टोक सिटीविरुद्ध. बदली खेळाडू म्हणून मैदानात.
- जर्मनी : 2020मध्ये बोरुसिया डॉर्टमुंडकडे. सप्टेंबरमध्ये ड्युइसबुर्गविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल. 2021मध्ये जर्मन कप.
- इंग्लंड संघ : पदार्पण 12 नोव्हेंबर 2020, आयर्लंडविरुद्ध, वेम्बली. पहिला गोल 2022च्या विश्वचषकात, इराणविरुद्ध, हेडरने.
- स्पेन : 2023मध्ये रेआल माद्रिदकडे. त्याच वर्षी कोपा ट्रॉफी.

बर्मिंगहॅममध्ये त्याची जर्सी 22 नंबरची का?
मिडफिल्डची तीन कामं, तीन पारंपरिक नंबर :
- 4 : बचावफळीपुढे राहून चेंडू हिसकावणं.
- 8 : दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या दरम्यान सतत धाव.
- 10 : स्ट्रायकरच्या मागे राहून गोलसंधी तयार करणं.

तिन्ही कामं जमणाऱ्याचा नंबर 4 + 8 + 10, म्हणजे 22. बर्मिंगहॅमने बेलिंगहॅमच्या निरोपानंतर ही जर्सी निवृत्त केली.