कुठल्या सालचं हेलिकॉप्टर?

२८ नोव्हेंबर २००८. कुलाब्यातल्या नरिमन हाउसवर हवाई दलाचं एमआय-१७ येऊन थबकलं आणि एनएसजीचे कमांडो दोराला धरून गच्चीवर उतरले. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. समजा, त्या दिवशीच्या त्या हेलिकॉप्टरचं अचूक मॉडेल करायचं आहे. किट आणायचं, कागदावरच्या आकड्यांप्रमाणे भाग चिकटवायचे, रंग द्यायचा, हवाई दलाची तिरंगी चक्रं लावायची. एवढ्यानं एक एमआय-१७ नक्की तयार होईल. ते त्या सकाळचं असेलच याची मात्र खात्री नाही. कारण या एका नावाखाली वेगवेगळ्या नाकांची, दारांची आणि इंजिनांची हेलिकॉप्टरं आपल्याकडे उडत आली आहेत.

पहिला धागा तारखेतच सापडतो. एमआय-१७ व्ही-५ या नव्या उपप्रकारासाठी भारतानं रशियाशी करार केला तो डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे मुंबईवरच्या हल्ल्यानंतर. ही हेलिकॉप्टरं समारंभपूर्वक दलात दाखल झाली फेब्रुवारी २०१२ मध्ये. तेव्हा व्ही-५ चं लांबट, बंद नाक आणि मागचा उताराचा दरवाजा त्या सकाळच्या मॉडेलवर बसवता येणार नाही. कात्री-करवत हातात घेण्याआधी कॅलेंडर बघायचं, हा या छंदाचा पहिला नियम.

मिरजेत माझी दातांची लॅब आहे. दंतवैद्यांकडून मापं येतात, त्यावरून कवळ्या, कॅप, ब्रिज करून द्यायचे हा माझा व्यवसाय. संध्याकाळी काम आटोपलं की त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली हेलिकॉप्टरं होतात. मी एकास बहात्तर या प्रमाणात काम करतो. एमआय-१७ च्या मुख्य पंख्याचा खरा व्यास २१.२९ मीटर आहे, माझ्या टेबलावर तो साडेएकोणतीस सेंटिमीटर भरतो. या प्रमाणात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर खऱ्या यंत्रावर तो साडेतीन सेंटिमीटरचा फरक असतो. एवढ्यानं खिडकीची चौकट बदलते, नाकाचा उतार बदलतो.

मग कंपन्या अचूक किटच का काढत नाहीत? किटचे भाग धातूच्या साच्यात प्लॅस्टिक दाबून काढतात आणि तो साचा फार महाग पडतो. त्यामुळे कंपनी जगभर खपेल असा एखादा उपप्रकार निवडते. रशियाची झ्वेझ्दा आणि चीनची हॉबी बॉस या दोघींनी एमआय-८एमटीची चांगली किट्स काढली आहेत. पण त्यांचं मुख्य गिऱ्हाईक सोव्हिएत किंवा रशियन हेलिकॉप्टर करणारं आहे. भारताचं, एका ठरावीक वर्षाचं हेलिकॉप्टर हवं असेल, तर तिथून पुढचं काम आपलं.

हे काम नीट करायचं तर या यंत्राचा इतिहास माहीत हवा. मूळ हेलिकॉप्टर एमआय-८, मॉस्कोच्या मिल या संस्थेनं १९६०च्या दशकात घडवलेलं. भारतात ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंगळूरजवळच्या येलहंकाला त्याला निरोप दिला गेला. त्याची दोन इंजिनं प्रत्येकी सुमारे १,५०० अश्वशक्तीची. सपाट मुलखात ती पुरत, पण उन्हाळ्यात आणि उंच डोंगरावर हवा विरळ होते, तिथं इंजिनाचा दम कमी पडतो. म्हणून त्याच सांगाड्यावर सुमारे १,९०० अश्वशक्तीची टीव्ही-३ इंजिनं बसवली गेली. १९७५ मध्ये उडालेलं हे नवं रूप म्हणजे एमआय-८एमटी आणि परदेशात विकताना त्याचं नाव एमआय-१७.

इंजिन बदललं की बाहेरून काय काय बदलतं, ते बघण्यासारखं आहे. नवी इंजिनं आखूड, त्यामुळे छतावरची त्यांची तोंडं मागे सरकली. जुन्या एमआय-८ वर ती पुढे आलेली दिसतात, एमआय-१७ वर डाव्या दाराच्या मध्यापर्यंतच पोचतात. धूळ आत जाऊन इंजिनाची पाती झिजू नयेत म्हणून तोंडांवर घुमटासारख्या गाळण्या आल्या. इंजिन सुरू करायला हवेचा दाब पुरवणारं छोटं सहायक इंजिन मुख्य पंख्याच्या मागे बसवलं गेलं, तिथं छताला फुगवटा आला. मुख्य पंख्याची ताकद वाढली की हेलिकॉप्टर स्वतःभोवती फिरू नये म्हणून शेपटीच्या पंख्याकडूनही जास्त जोर लागतो. त्यासाठी तो उजवीकडून डावीकडे आणला. डावी-उजवी वैमानिकाच्या खुर्चीतून मोजायची. एखाद्या अंधूक फोटोत बाकी काही कळत नसलं, तरी शेपटीचा पंखा कुठल्या बाजूला आहे एवढं दिसलं की एमआय-८ आणि एमआय-१७ वेगळे काढता येतात.

व्ही-५ हे त्याच्या पुढचं पाऊल. जुन्या एमआय-१७ चं नाक काचेचं, गोल. मागचा भाग शिंपल्यासारखा दोन्ही बाजूंना उघडणारा. व्ही-५ मध्ये नाक बंद आणि लांबट झालं, आत हवामानाचं रडार आलं. मॉडेल करणारे त्याला डॉल्फिन नाक म्हणतात. मागे दोन दारांऐवजी खाली उतरणारा एक सलग उतार आला, म्हणजे जवानांना झपाट्यानं बाहेर पडता येतं. उजव्या बाजूलाही सरकता दरवाजा मिळाला. जुन्या रूपाच्या किटचं व्ही-५ करायचं, तर हे तिन्ही बदल हातानं करावे लागतात.

सगळ्यात आधी मापं लागतात. कंपनीचे आराखडे आपल्याला कोण देणार? पण सरळ बाजूनं, लांबून काढलेला एक फोटो पुरतो, त्यात ओळखीचं एक माप सापडलं पाहिजे. मी चाक धरतो. एमआय-१७ च्या मागच्या चाकाचा व्यास ८६५ मिलिमीटर, एकास बहात्तरमध्ये बरोबर १२. फोटोची प्रत चाक १२ मिलिमीटर भरेल इतकी लहान-मोठी करायची. एक काळजी घ्यायची : चाक आडवं मोजायचं. वजनानं टायर खाली दबलेला असतो, उभं माप कमीच येणार. प्रत अशी जमली की नाकाची लांबी, दाराची रुंदी, उताराचा कोन सगळं तिच्यावरून थेट उचलता येतं. नुसतं डोळ्यांनी बघून केलं, तर नाक हमखास फुगीर होतं. खरं नाक समोरच्या काचांच्या खालच्या कडेपासून बऱ्यापैकी सपाट पुढे जातं आणि मग वळतं. ते वळण जिथं सुरू होतं, तिथंच मॉडेल खरं वाटतं किंवा खोटं पडतं.

नाक घडवताना माझा धंदा कामी येतो. किटचं काचेचं नाक बारीक करवतीनं कापतो, समोरच्या वरच्या काचा तेवढ्या ठेवतो. रिकाम्या जागी कवळीच्या कामाचं मेण भरून नाक कोरतो. मेण चुकलं तर गरम चमच्यानं सारखं करता येतं, म्हणून आकार ठरेपर्यंत मेणासारखं दुसरं काही नाही. फोटोवरून कापलेला पुठ्ठ्याचा छाप वरून आणि बाजूनं लावून बघायचा, उजेड कुठून झिरपतो ते तपासायचं. आकार बसला की सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यात कवळीचंच ॲक्रिलिक ओतायचं, भुकटी आणि द्रव कालवून. त्याची वाफ घातक, म्हणून खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क. बाहेर येतं ते हिरड्यांच्या रंगाचं गुलाबी नाक. पॉलिश पेपर आधी जाड, मग पाण्यातला बारीक, मग राखाडी प्रायमर. प्रायमर बसला की फटी, खड्डे, ओरखडे सगळे दिसू लागतात, म्हणून हा हात टाळायचा नाही. भरीव नाकाचा आणखी एक फायदा : लांब शेपटीमुळे मॉडेल मागे कलंडत नाही.

मागच्या दारासाठी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या शीट लागतात. पाव मिलिमीटरची शीटसुद्धा या प्रमाणात खऱ्या यंत्रावर १८ मिलिमीटर जाडीची ठरते. विमानाचा पत्रा एवढा जाड नसतो. म्हणून उघड्या दाराच्या कडा आतल्या बाजूनं तासून पातळ करायच्या, म्हणजे बघणाऱ्याला कडच दिसते आणि ती पत्र्याची वाटते. पंख्याची पाती किटमध्ये सरळसोट येतात. उभ्या हेलिकॉप्टरची पाचही पाती मात्र स्वतःच्या भारानं टोकाकडे वाकलेली असतात. गरम पाण्यात धरून हलका बाक द्यायचा, पाचही पात्यांना सारखा.

आतापर्यंत सांगितलं ते घालण्या-बदलण्याचं. पण काही वेळा अचूकपणा काढून टाकण्यात असतो. कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी एमआय-१७ च्या ‘नुब्रा’ फॉर्मेशननं तोलोलिंगवर रॉकेटांचा मारा केला. त्यातलं एक हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्रानं पाडलं. स्क्वॉड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी.व्ही.एन.आर. प्रसाद आणि सार्जंट आर.के. साहू हे चौघं हुतात्मा झाले. स्टिंगर इंजिनाच्या उष्णतेचा माग काढतं. त्याला चकवायला हेलिकॉप्टरमधून जळते फ्लेअर सोडतात. या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडणाऱ्या पेट्या बसवलेल्या नव्हत्या. त्या घटनेनंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून मागे घेण्यात आली.

किटमध्ये या पेट्या असल्या की त्या लावायचा मोह होतो. खणाखणांच्या त्या पेट्या उठून दिसतात, रंगवायला मजा येते. पण कुणी त्या दिवशीचं हेलिकॉप्टर करत असेल, तर ती जागा मोकळी आणि गुळगुळीत राहिली पाहिजे. तिथं पेट्या चिकटवणं म्हणजे झालेली गोष्ट पुसून टाकणं. चार माणसं का परतली नाहीत, याचं उत्तर त्या मोकळ्या जागेत आहे. माझ्या कपाटात त्या हेलिकॉप्टरचं मॉडेल आहे, रॉकेटचे पॉड लावलेलं आणि बाकी अंग उघडं.

तासगावकडचे एक निवृत्त हवाई दलवाले तुटलेली कवळी सांधून घ्यायला लॅबमध्ये आले होते. आयुष्य हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेलेलं. कपाटासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, “छान केलंय. पण हे कुठल्या सालचं?” मी म्हटलं, “नव्याण्णवचं, काका. मे महिन्याचं.” त्यांनी चष्मा वर करून मागची बाजू न्याहाळली. “बरोबर आहे. पेट्या नाहीत.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “लोक काय लावलंय ते मोजतात. काय नव्हतं ते कुणी बघत नाही.” मॉडेल बघणाऱ्यानं विचारावा असा प्रश्न त्यांनी विचारला होता. ‘हे कुठलं हेलिकॉप्टर?’ याला उत्तर पुस्तकात मिळतं. ‘कुठल्या सालचं?’ याचं उत्तर देताना करणाऱ्याला प्रत्येक तुकड्याचा हिशोब द्यावा लागतो.

हिशोबाला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे तारखेसकट फोटो. हवाई दलाच्या एमआय-१७ चा क्रमांक ‘झेड’ अक्षरानं सुरू होतो, व्ही-५ चा ‘झेडपी’नं. क्रमांक वाचता आला आणि तारीख माहीत असली, तर एकेका यंत्राचा माग काढता येतो. नव्या यंत्रांचे फोटो येलहंकाच्या एअरो इंडियासारख्या प्रदर्शनात रीतसर काढता येतात. लष्करी तळांच्या कुंपणाबाहेरून कॅमेरा रोखायचा नाही, तो गुन्हा आहे आणि या छंदाला त्याची गरजही नाही. तारखेबाबतही सबुरी हवी : जुनी यंत्रं दुरुस्तीला जातात, रंग बदलून येतात, नवी उपकरणं लावून येतात. २०१० च्या फोटोवरून १९९९ चं मॉडेल करता येत नाही.

जुने फोटो मात्र प्रदर्शनात मिळत नाहीत, ते घरांत असतात. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात फौजेत माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. अशा घरांतल्या अल्बममध्ये हेलिकॉप्टरसमोर उभ्या राहिलेल्या तरुण जवानाचा फोटो असतो. घरच्यांचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे जातं आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या खांद्यामागे एखादं दार, एखादी गाळणी, एखादा क्रमांक असतो आणि तो दुसरीकडे कुठेच नोंदलेला नसण्याची शक्यता असते.

म्हणून दोन विनंत्या. ज्या मुलामुलींना हा छंद लावून घ्यायचा आहे, त्यांनी महागड्या सुट्या भागांच्या मागे न लागता एक साधं किट घ्यावं, एक तारीख निवडावी आणि त्या तारखेशी प्रामाणिक राहावं. आणि ज्यांच्या घरी असे अल्बम आहेत, त्यांनी आजोबांना, काकांना, वडिलांना शेजारी बसवून प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीनं साल आणि ठिकाण लिहून घ्यावं. ते सांगू शकतात तोवरच.