मजुरीचे गणित : सिद्धान्त आणि शिवार

सोयाबीनची सोंगणी जवळ आली की वाशीम जिल्ह्यात शेतमालक व मजूर यांच्यात एकच विषय असतो : यंदा भाव काय? ‘मजूर मिळत नाहीत’ ही मालकांची तक्रार आणि ‘मजुरीत भागत नाही’ ही मजुरांची. श्रमाच्या अर्थशास्त्राचा अभ्यास नेमका येथूनच सुरू होतो.

पाठ्यपुस्तकातील सिद्धान्तानुसार मजुरी मागणी व पुरवठ्यातून ठरते. ती कृत्रिमरीत्या वाढवल्यास रोजगार घटतो. मात्र दुसरा सिद्धान्त म्हणतो, की काम देणारे मोजकेच असतील तर मजुराला पर्याय उरत नाही आणि मजुरी दबलेली राहते. तेथे ती वाढल्याने रोजगार घटेलच असे नाही. दोन्ही तर्क निर्दोष आहेत. त्यांपैकी कोणता लागू पडतो, हे पाहणीनेच कळते.

अशा पाहणीत शेजाऱ्यांची तुलना उपयोगी पडते. १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड व ॲलन क्रुगर यांनी दोन्हीकडील उपाहारगृहे तपासली, तेव्हा न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

तशीच तुलना आपल्याकडेही सुचते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याची अंमलबजावणी यवतमाळ, अमरावती व हिंगोलीत २००६ मध्ये, तर शेजारच्या वाशीममध्ये २००७ मध्ये सुरू झाली. पण येथे सावध राहावे लागते. पहिल्या टप्प्यातील जिल्हे मागासलेपणावरून निवडले होते. शिवाय वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली राज्याची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळापासून चालू होती; तिचा कायदा १९७७ चा. त्यामुळे ‘हमी आहे’ आणि ‘हमी नाही’ अशी स्वच्छ तुलना येथे होत नाही.

क्लेमां अँबेर व जॉन पॅप यांनी देशभरातील जिल्ह्यांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हमीच्या कामामुळे खासगी मजुरी वाढल्याचे व खासगी काम काहीसे घटल्याचे दिसले. म्हणजे मालकाची अडचण खरी आणि मजुराचा लाभही खरा. धोरण आखताना या दोन्ही बाजू मोजाव्या लागतात. केवळ तर्कावर विसंबले तर एकीचा विसर पडतो.