यीस्टच्या पेशीतून नैसर्गिक रंग
(कुंभिवली इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पळसाची फुलं भिजवून आपण रंगपंचमीचा रंग करतो. पण ही फुलं मिळतात वर्षातून महिनाभर. बारा महिने नैसर्गिक रंग हवा असेल तर? एक उत्तर तुमच्या ओळखीचं आहे: पाव फुगवणारं आणि ताडी आंबवणारं यीस्ट.

पावाचं यीस्ट स्वतः रंग करत नाही. पण गाजरातला नारिंगी रंग, म्हणजे बीटा-कॅरोटीन, ज्या मालापासून बनतो तो त्याच्याकडे असतोच. साखर मोडून ते दोन कार्बनचे तुकडे करतं आणि ते जोडत जोडत पंधरा कार्बनची साखळी बनवतं. यातून पुढे एर्गोस्टेरॉल होतं. ते पेशीच्या पडद्याला लागतं.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७ साली एका लालसर यीस्टची तीन जनुकं पावाच्या यीस्टमध्ये घातल्याचं प्रसिद्ध केलं. पहिल्या जनुकाचं एन्झाइम वीस कार्बनची साखळी करतं. दुसऱ्याचं अशा दोन साखळ्या जोडतं. हा चाळीस कार्बनचा रेणू अजून रंगहीनच असतो. तिसरं त्यातले हायड्रोजन काढतं, तशी एकाआड एक दुहेरी बंधांची रांग लांबत जाते, ती निळसर प्रकाश शोषते, आणि आपल्याला लाल दिसतं. हे टोमॅटोतलं लायकोपीन. मग दुसरंच एन्झाइम पुन्हा येऊन दोन्ही टोकांना कडी घालतं. झालं बीटा-कॅरोटीन!

जनुकं घातली की काम संपलं का? नाही. आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यातला राजनाला आठवा. वीजघरातून सुटलेलं पाणी त्यातून उन्हाळी भाताला जातं. वरूनच पाणी कमी सुटलं, किंवा वाटेतच दुसरीकडे वळलं, तर शेवटच्या शेताला काय मिळणार? यीस्टमध्येही तसंच. म्हणून वरचा दरवाजा मोठा करतात, म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम वाढवतात. एर्गोस्टेरॉलकडे जाणारा पाट अरुंद करतात. पूर्ण बंद करता येत नाही, केला तर पेशीच मरते. रंग आणि जगणं यांचा हा हिशोब जमवणं, हीच या विषयातली खरी मेहनत.

शेवटी एका ताईंनी विचारलं, "सर, मग पळसाची गरज संपली?"

नाही ताई. पळसाचा पिवळा रंग वेगळ्या घराण्यातला. त्याला वेगळी जनुकं, वेगळा पाट लागेल. शिवाय यीस्टला साखर लागते, ती उसाच्या किंवा मक्याच्या शेतातूनच येणार. रेणू गाजरातलाच, पण बनला टाकीत, जनुकं बदललेल्या यीस्टकडून. त्याला 'नैसर्गिक' म्हणायचं का? पाकिटावर काय लिहावं, हे गिऱ्हाईक म्हणून आपणही विचारलं पाहिजे.