हुआन सोतोचे पैसे आणि त्याचं वय

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल क्लबने हुआन सोतोशी १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्या वेळच्या दराने हे साधारण साडेसहा हजार कोटी रुपये झाले. व्यावसायिक खेळांच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार म्हणून तो जगभर गाजला आणि त्याच आठवड्यात त्याच्यावर टीकाही सुरू झाली. सोतो तेव्हा अवघा २६ वर्षांचा होता. एवढ्या कोवळ्या वयात एवढी रक्कम कशाला, आधी त्याने आणखी काही वर्षं खेळून दाखवावं, हा त्या टीकेचा मुख्य सूर होता. माझ्या मते हे म्हणणं नेमकं उलट आहे. सोतोच्या कराराचं सर्वांत भक्कम समर्थन त्याच्या तरुण वयातच आहे. बेसबॉलमध्ये तरुण खेळाडूंना जास्त पैसे मिळतात हा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध आहे.

आधी आकड्याबद्दल. सोतोच्या पैशांनी बेसबॉलने एकाएकी सगळ्या मर्यादा सोडल्या असं अनेकांना वाटतं. पण डिसेंबर २००० मध्ये टेक्सास रेंजर्सने अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझशी १० वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता, आणि रॉड्रिगेझ तेव्हा २५ वर्षांचा होता. अमेरिकेतली महागाई धरली तर ती रक्कम २०२४ च्या डॉलरमध्ये ४५ कोटींच्या पुढे जाते, म्हणजे वर्षाला साडेचार कोटींहून थोडी जास्त. सोतोला वर्षाला सरासरी ५ कोटी १० लाख मिळणार आहेत. चोवीस वर्षांत खरी वाढ एवढीच. याच काळात मेजर लीग बेसबॉलचं एकूण उत्पन्न सुमारे साडेतीन अब्ज डॉलरवरून बारा अब्जांवर गेलं. उद्योग महागाईपेक्षा कितीतरी वेगाने वाढला आणि त्यातल्या सर्वोत्तम तरुण फलंदाजाची वार्षिक किंमत महागाईच्या थोडी पुढे गेली. शिवाय पंधरा वर्षांनी हातात येणारा डॉलर आजच्या डॉलरइतका नसतो. समान वार्षिक हप्ते आणि पाच टक्के व्याजदर धरून हिशेब केला, तर या कराराचं आजचं मूल्य ५३ कोटींच्या आसपास येतं. वर्षभर आधी लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओहतानीला दिलेल्या ७० कोटींपैकी तर ६८ कोटी २०३४ पासूनच्या दहा वर्षांत बिनव्याजी मिळायचे आहेत. म्हणून मथळ्यातले दोन आकडे शेजारी मांडून केलेली तुलना फसवी ठरते.

‘त्याने अजून केलंय तरी काय’ हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण होम रन मोजतात. सोतोने २०२४ च्या मोसमापर्यंत २०१ होम रन मारले होते, पण त्याचं खरं बळ दुसरीकडे आहे. बेसबॉलमध्ये गोलंदाजाचे चार चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस आयता मिळतो. याला वॉक म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटरने येणारा चेंडू पट्ट्यात पडेल की बोटभर बाहेर, हे अर्ध्या सेकंदाच्या आत ओळखून बॅट रोखणं या खेळातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी टाळ्या मिळवणारं कौशल्य आहे. २०२४ मध्ये यँकीज या क्लबकडून खेळताना सोतोने १२९ वॉक मिळवले आणि तो ११९ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकनंतर बाद, झाला. आज बहुतेक फलंदाज वॉकच्या दुप्पट-तिप्पट वेळा स्ट्राइकआउट होत असताना हे प्रमाण थक्क करणारं आहे. त्या मोसमात तो फलंदाजीला आल्यावर शंभरात जवळजवळ ४२ वेळा बेसवर पोहोचला. लीगची सरासरी ३१ होती. बाद न होणं हाच बेसबॉलमधल्या धावांचा पाया आहे, कारण एका सामन्यात संघाकडे फक्त सत्तावीस बाद असतात. चेंडू ओळखणारी ही नजर वेगावर किंवा पायांवर अवलंबून नाही, त्यामुळे ती वयाबरोबर सहसा लवकर ढळत नाही. क्षेत्ररक्षणात तो सामान्य आहे हा आक्षेप खरा आहे. मात्र २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये केवळ फलंदाजी करणाऱ्या खेळाडूला संघात जागा असते, म्हणून पुढे त्याचे पाय मंदावले तरी त्याची बॅट वापरता येईल.

आता वयाकडे येऊ, कारण सगळा गैरसमज तिथेच साठला आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये खेळाडू पहिली सहा वर्षं आपल्या क्लबला बांधलेला असतो. पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात, मग तो कितीही चांगला खेळो. पुढची तीन वर्षं लवादाच्या धाकाने पगार वाढतो, तरी खुल्या बाजारापेक्षा बराच कमी राहतो. १९७५ पूर्वी तर हे बंधन आयुष्यभराचं होतं. कर्ट फ्लड या खेळाडूने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि १९७२ मध्ये तो हरला. तीन वर्षांनी पीटर साइट्झ या लवादाच्या निर्णयाने ती साखळी तुटली. सहा वर्षांचं बंधन मात्र नव्या करारांतही टिकून राहिलं. २०१९ मध्ये सोतोने वॉशिंग्टन नॅशनल्ससाठी ३४ होम रन मारले आणि क्लबला वर्ल्ड सीरिज जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला. ती मालिका चालू असतानाच तो २१ वर्षांचा झाला. त्या वर्षीचा त्याचा पगार सहा लाख डॉलरहून कमी होता. मेट्सशी करार होण्याआधीच्या सगळ्या मोसमांचा पगार मिळून साधारण आठ कोटी डॉलर भरतो, आणि त्यातले पाच कोटींहून जास्त शेवटच्या दोन वर्षांतले आहेत. जुलै २०२२ मध्ये नॅशनल्सने १५ वर्षांसाठी देऊ केलेले ४४ कोटी त्याने नाकारले, तेव्हा त्याला लोभी म्हणणारे कमी नव्हते. अडीच वर्षांनी खुल्या बाजाराने त्यापेक्षा ३२ कोटी ५० लाख जास्त मोजले. पहिला आकडा बंधनात असलेल्या खेळाडूचा होता.

बंधन सहा वर्षांचं असल्यामुळे बहुतेक खेळाडू खुल्या बाजारात येतात तेव्हा त्यांची तिशी जवळ आलेली असते. फलंदाजाची सर्वोत्तम वर्षं साधारण २६ ते २९ ही मानली जातात, म्हणजे क्लब नेहमी उतरणीचे पैसे मोजत असतात. अल्बर्ट पुहोल्सचं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २०११ मध्ये, बत्तिशीच्या उंबरठ्यावर, एंजल्स या क्लबने त्याला दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलर दिले. त्याआधीच्या अकरा वर्षांत त्याने तीनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला होता. त्या दहा वर्षांत मात्र त्याची फलंदाजीची सरासरी एकदाही ०.३०० वर गेली नाही, आणि करार संपण्याआधीच, मे २०२१ मध्ये, क्लबने त्याला मोकळं केलं. ‘आधी सिद्ध कर, मग पैसे घे’ हे धोरण तिथे अक्षरशः पाळलं गेलं होतं. सोतो एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आला, म्हणून सव्विसाव्या वर्षी मोकळा झाला. मेट्सना त्याची अजून न खेळलेली उत्तम वर्षं विकत मिळत होती आणि अशी वर्षं बाजारात क्वचितच येतात. यँकीजनेही १६ वर्षांसाठी ७६ कोटी देऊ केले होते. दोन श्रीमंत आणि जाणत्या क्लबांचा अंदाज इतका जवळ यावा, हे एका मालकाच्या लहरीचं लक्षण नव्हे.

पण चाळिसाव्या वर्षी तो काय खेळणार? फारसं नाही, आणि हे मेट्सनाही माहीत आहे. करार लांबवण्यामागचा हिशेब वेगळा असतो. बेसबॉलमध्ये पगाराच्या एकूण रकमेवर बंदी नाही, मर्यादेपलीकडे कर आहे, आणि तो कर कराराच्या वार्षिक सरासरीवर मोजतात. तीच रक्कम दहाऐवजी पंधरा वर्षांवर पसरली की दर वर्षीची सरासरी, आणि तिच्यासोबत कर, उतरतो. शेवटची चार-पाच वर्षं म्हणजे एका अर्थी आधीच्या वर्षांचे हप्ते. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. करारातली जोखीम दोन्ही बाजूंना सारखी नाही. दुखापत झाली तरी पैसे पक्के आहेत, आणि सोतो २०२९ च्या मोसमानंतर बाहेरही पडू शकतो. त्याला थांबवायचं असेल, तर क्लबला उरलेल्या दहा वर्षांसाठी दर वर्षी ४० लाख वाढवावे लागतील आणि एकूण रक्कम ८० कोटी ५० लाख होईल. वर त्या कराचा सर्वांत वरचा टप्पा २०२५ मध्ये ३० कोटी १० लाखांना सुरू होत होता आणि मेट्ससारख्या वारंवार मर्यादा ओलांडणाऱ्या क्लबला त्यापलीकडचा प्रत्येक डॉलर दोन डॉलर दहा सेंटला पडत होता. हा करार स्वस्त आहे असं कुणीही म्हणू नये. महाग वस्तू वाजवी किमतीला घेणं वेगळं आणि फसणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे पैसे शेवटी प्रेक्षकाच्या खिशातून जातात, हा समज फार जुना आणि फार चिवट आहे. तिकिटाचा दर ठरतो तो मागणीवर. न्यूयॉर्कमधला माणूस एका जागेसाठी जितके द्यायला तयार असेल, तितके क्लब घेणार, मग मैदानावर सोतो असो वा किमान पगाराचा नवखा. सोतोने निम्म्या पैशांत सही केली असती, तर तिकीट निम्मं झालं नसतं. वाचलेली रक्कम स्टीव्ह कोहेन या मालकाकडे राहिली असती, ज्याने २०२० मध्ये हा क्लब सुमारे २ अब्ज ४० कोटी डॉलरला विकत घेतला. शिक्षक आणि परिचारिकांना इतकं कमी मिळत असताना हे कसं, असं विचारणाऱ्यांचा संताप मला समजतो आणि तो खराही आहे. पण सोतोचा पगार कापून एकाही परिचारिकेचा पगार वाढत नाही. या उद्योगातला पैसा खेळणाऱ्याकडे जाईल की मालकाकडे, एवढीच निवड प्रत्यक्षात समोर असते.

२०२५ मध्ये टीकाकारांना एक नवं हत्यार मिळालं. मेट्स ८३ सामने जिंकले, ७९ हरले आणि बाद फेरीलाही मुकले. म्हणजे करार फसला, असा निष्कर्ष लगेच निघाला. सोतोची सुरुवात खरोखरच मंद होती. मोसम संपला तेव्हा मात्र त्याच्या नावावर ४३ होम रन, १२७ वॉक आणि कुणी अपेक्षाही न केलेले ३८ चोरलेले बेस होते. बेसबॉलमध्ये फलंदाज सामन्यात चार-पाच वेळा खेळायला येतो आणि बाकीच्या तीसेक वेळा त्याचे सहकारी येतात. सर्वोत्तम खेळाडूदेखील १६२ सामन्यांच्या मोसमात संघाला साधारण सात-आठ जादा विजय मिळवून देतो. रॉड्रिगेझने रेंजर्ससाठी ५२, ५७ आणि ४७ होम रन मारले, २००३ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला आणि तिन्ही वर्षं संघ गटात तळाला राहिला. दोष कमकुवत गोलंदाजीचा होता.

सर्वांत जड आक्षेप शेवटी ठेवला आहे. असे करार तीन-चार क्लबांनाच परवडतात आणि छोट्या शहरांतले संघ नुसते बघत राहतात. याउलट आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची सारखीच मर्यादा असते. २०२४ च्या लिलावात ती १२० कोटी रुपये होती, त्यामुळे ऋषभ पंतवर २७ कोटी लावणाऱ्या लखनऊला बाकीचा संघ उरलेल्या रकमेत बसवावा लागला. मेजर लीगमध्ये अशी वरची मर्यादा नाही आणि किमान इतका खर्च करावाच लागेल अशी खालचीही नाही. ही विषमता खरी आहे, पण तिचं उत्तर उत्पन्नाच्या वाटणीत शोधायला हवं. खेळाडूचा पगार दाबून ते मिळणार नाही. वरचा पगार दाबला की खालचा आपोआप वाढतो, याला बेसबॉलच्या इतिहासात आधार नाही. पिट्सबर्ग पायरेट्सच्या पॉल स्कीन्सने २०२४ मध्ये सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला, २०२५ मध्ये गोलंदाजांसाठीचा साय यंग पुरस्कार जिंकला, आणि त्या मोसमातला त्याचा मूळ पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. सोतोच्या सरासरी वार्षिक रकमेच्या दोन टक्क्यांहूनही कमी. क्लब आणि खेळाडूंच्या संघटनेतला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. त्यानंतरच्या वाटाघाटींत मालकांची बाजू सोतोचा आकडा पुढे करून वरची मर्यादा मागेल, याची मला धास्ती वाटते. त्या वेळी टेबलावर स्कीन्सचा आकडाही असला पाहिजे.