‘आकार’ म्हणजे काय?

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘क्षेत्र’ या रकान्याशेजारी ‘आकार’ असा एक रकाना असतो. नित्याच्या बोलण्यात आकार म्हणजे वस्तूचे रूप अथवा तिचा लहानमोठेपणा. त्यामुळे हा आकडाही जमिनीच्या मोजमापाचा असावा, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. महसुलाच्या भाषेत आकार म्हणजे त्या जमिनीवर ठरविलेला वार्षिक शेतसारा होय. क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहितात; आकार रुपये व पैसे यांत लिहितात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गटाचे क्षेत्र १.२० व आकार २.७५ असा नोंदलेला आहे. याचा अर्थ जमीन १ हेक्टर २० आर असून तिचा सारा २ रुपये ७५ पैसे आहे. पीक विम्याच्या अर्जात घाईने २.७५ हे क्षेत्र म्हणून भरल्यास अर्ज नोंदीशी जुळत नाही, आणि नुकसानीच्या वेळी भरपाईचा दावा अडचणीत येतो. बियाणे व खते यांचा हिशेबही दुपटीहून अधिक चुकतो.

शेजारच्या दोन गटांचे क्षेत्र सारखे असूनही आकार निराळा का, असे काही बांधव विचारतात. आकार केवळ क्षेत्रावरून ठरलेला नसतो. जमाबंदीच्या वेळी जमिनीची प्रत पाहून तो बसविलेला असतो. म्हणून काळ्या भारी जमिनीचा आकार अधिक, तर मुरमाड जमिनीचा कमी असतो. पोटखराबा म्हणून नोंदलेल्या क्षेत्रावर आकारणी नसते.

याच शब्दापासून दोन कागदांची नावे आली आहेत. प्रत्येक सर्व्हे अथवा गट नंबराचे क्षेत्र व आकार ज्यात नोंदलेले असतात, तो ‘आकारबंद’. पोटहिस्से पडल्यावर मूळ आकार त्यांत वाटून देणारे पत्रक म्हणजे ‘आकारफोड’. सातबारा व आकारबंद यांतील क्षेत्र जुळत नसेल, तर वाटणी किंवा खरेदीखत करताना अडचण येते. म्हणून व्यवहार ठरविण्यापूर्वीच दोन्ही कागद ताडून पाहावेत.

वीजबिलावरही हा शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ सेवेबद्दल द्यावयाची रक्कम असा आहे. ‘स्थिर आकार’ जोडणीबद्दल असतो. घर महिनाभर बंद राहून एकही युनिट जळले नाही, तरी तो द्यावा लागतो. ‘वीज आकार’ व ‘वहन आकार’ मात्र वापरलेल्या युनिटांप्रमाणे वाढतात. ‘वीज शुल्क’ ही बाब वेगळी. तो शासनाचा कर आहे. बिल अधिक आल्याची तक्रार करण्यापूर्वी यांपैकी कोणती रक्कम वाढली, ते पाहावे. वीज आकार वाढला असल्यास मीटरवरील आकडा बिलातील आकड्याशी प्रथम पडताळावा.

सारांश, सरकारी कागदावर ‘आकार’ दिसला की तो पैशाचा आकडा समजावा. उतारा हाती पडताच आधी क्षेत्र, मग आकार, असे दोन्ही रकाने स्वतंत्रपणे वाचावेत. शंका वाटल्यास सही करण्यापूर्वीच ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून तिचे निरसन करून घ्यावे.